प्रश्न नीट विचारला का?

(अकादमीने इंदूर येथे घेतलेल्या कार्यशाळेतील भाषणाचा संपादित मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘विपणनासाठी प्रश्नमंजूषा आणि सर्वेक्षणे : प्राथमिक ओळख’ असा छापला आहे. सकाळी चहाच्या वेळी एका ज्येष्ठ कवींनी मला विचारले, “बाई, साहित्याच्या माणसांनी हे दुकानदारीचे काम कधीपासून सुरू केले?” प्रश्न खोचक होता, पण रास्त होता. म्हणून सुरुवात त्याच्या उत्तराने करते.

आपण इथे बसलेल्यांपैकी बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या मराठी संस्थेचे काम करतो. कोणी वाचनालय चालवतो, कोणी दिवाळी अंक काढतो, कोणी व्याख्यानमाला, कोणी नाट्यमंडळ. व्याख्यानाची पत्रके वाटणे, अंकासाठी वर्गणीदार मिळवणे, नाटकाची तिकिटे खपवणे हे सगळे विपणनच आहे. आपण त्याला ‘प्रचार-प्रसार’ म्हणतो, एवढाच फरक. पुण्यात एक वाचक तुटला तर शेजारच्या वाड्यातून दुसरा येण्याची आशा असते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद इथे तसे नाही. इथे वाचक शोधावा लागतो, आणि शोधायचा तर त्याला काहीतरी विचारावे लागते. ते कसे विचारायचे, एवढाच माझा विषय आहे. मी तीस वर्षे साहित्य शिकवते. संगणकाची मी तज्ज्ञ नाही. पण प्रश्न हा शेवटी भाषेचा व्यवहार आहे, आणि तिथे आपल्याला बोलण्याचा अधिकार आहे.

आधी माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या शहरातल्या एका जुन्या मराठी वाचनालयाची सभासदसंख्या घटत चालली होती. तरुण वाचक का येत नाहीत हे जाणून घेण्यासाठी प्रश्नावली तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. मी मोठ्या उत्साहाने सत्तावीस प्रश्न लिहिले. पहिला प्रश्न होता : ‘आपल्या वाचनाभिरुचीचे स्वरूप थोडक्यात विशद करा.’ दुसरा : ‘वाचनालयाच्या सेवांविषयी व ग्रंथसंग्रहाविषयी आपण कितपत समाधानी आहात?’ महिनाभरात एकोणीस उत्तरे आली. त्यांतली सात कार्यकारिणीच्या सदस्यांची होती. माझ्या एका विद्यार्थिनीला मी विचारले, “तू का नाही भरलास फॉर्म?” ती म्हणाली, “मॅडम, मला वाटलं पेपर सोडवायचा आहे.”

ती बरोबर होती. मी वाचकाला विचारत नव्हते, मी त्याची परीक्षा घेत होते. त्यानंतर जे शिकले ते आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट. प्रश्नमंजूषा आणि सर्वेक्षण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. प्रश्नमंजूषेत आपण उत्तर देणाऱ्याला काही देतो : गंमत, नवी माहिती, स्वतःकडे पाहण्याची एक संधी. सर्वेक्षणात आपण त्याच्याकडून काही घेतो : त्याचा वेळ, त्याचे मत, त्याच्या सवयी. बाजारात या दोन्हींची सरमिसळ केली जाते. ‘तुमच्या त्वचेचा प्रकार ओळखा’ असे म्हणत पाच प्रश्न विचारायचे, आणि शेवटी साबण विकायचा. हे तंत्र चालते, कारण माणसाला स्वतःविषयीच्या प्रश्नाचा मोह असतो. पण ज्या संस्थेला त्याच माणसांत पन्नास वर्षे राहायचे आहे, तिने काय देतो आणि काय घेतो हे दोन्ही उघड सांगितले पाहिजे. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे. बाकीची सारी कारागिरी आहे.

आता कारागिरीकडे येऊ. संगणक उघडण्याआधी एका कागदावर एक वाक्य लिहा : ‘या उत्तरांवरून आम्ही अमुक एक गोष्ट ठरवणार आहोत.’ वाचनालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे ठेवायचे? दिवाळी अंकात मुलांचा विभाग घ्यायचा की नाही? व्याख्यानमाला रविवारी सकाळी ठेवायची का? ठरवायचे काहीच नसेल तर सर्वेक्षण करू नका. मग प्रत्येक प्रश्नापुढे स्वतःला विचारा : उत्तर ‘हो’ आले तर मी काय करीन, ‘नाही’ आले तर काय करीन? दोन्ही वेळी तेच करणार असाल तर तो प्रश्न खोडा. माझ्या सत्तावीसपैकी या चाळणीतून सहा उरले असते.

त्यानंतर प्रश्नाची भाषा. शब्दाने उत्तर किती बदलते याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. 1974 साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या फिती दाखवल्या आणि वेगाचा अंदाज विचारला. प्रश्न तोच, फक्त क्रियापद बदलले. काहींना विचारले, गाड्या एकमेकींवर ‘जोरात आदळल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारले, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा किती होता. पहिल्या गटाचा सरासरी अंदाज ताशी सुमारे 41 मैल आला, दुसऱ्याचा सुमारे 32. डोळ्यांनी पाहिलेले सर्वांनी सारखेच पाहिले होते. एका क्रियापदाने त्यात नऊ मैलांचा फरक पाडला. कवितेतला एक शब्द बदलला तर काय होते हे आपण वर्गात शिकवतोच. प्रश्नावलीतही तेच होते.

आता आपल्या घरचे उदाहरण घ्या. ‘तुम्हाला मराठी येते का?’ महाराष्ट्राबाहेरच्या जवळजवळ प्रत्येक संस्थेच्या फॉर्मवर हा प्रश्न असतो. इंदुरात तिसऱ्या पिढीतला एखादा मुलगा आजीचे सगळे बोलणे समजतो, उत्तर मात्र हिंदीत देतो. तो या प्रश्नावर काय खूण करील? बहुधा ‘नाही’. कारण त्याच्या मनात ‘मराठी येणे’ म्हणजे पुस्तकातली मराठी येणे. आपण त्याला त्या एका खुणेने यादीतून वगळतो, आणि पुढच्या सभेत ‘नवी पिढी मराठीपासून दुरावली’ असा ठराव करतो! त्याऐवजी असे विचारून पाहा : ‘आजी-आजोबांशी तुम्ही कोणत्या भाषेत बोलता?’ ‘मराठी नाटक पाहताना संवाद समजतात का?’ ‘मराठी मजकूर वाचायला जड जातो का?’ समजणे, बोलणे, वाचणे, लिहिणे ही चार वेगळी दारे आहेत. एखाद्यासाठी एकच उघडे असेल, तर त्याच दाराने त्याला आत घेता येईल. नाटकाला येणारा माणूस ग्रंथालयाला लागलीच मिळणार नाही, पण तो हरवलेलाही नाही. आपल्या संस्थांच्या दृष्टीने या एका प्रश्नाची शब्दयोजना फार मोलाची आहे.

प्रश्न लिहिताना होणाऱ्या इतर चुका थोडक्यात सांगते. ‘सेवा व ग्रंथसंग्रहाविषयी समाधानी आहात का’ यात दोन प्रश्न एकात कोंबले आहेत. सेवा चांगली आणि पुस्तके जुनी असतील तर माणसाने काय लिहायचे? ‘आपल्या समृद्ध परंपरेचे जतन झाले पाहिजे असे तुम्हाला वाटते का’ याला ‘नाही’ कोण म्हणेल? ‘तुम्ही नियमित वाचता का’ यातला ‘नियमित’ प्रत्येकाचा वेगळा. त्यापेक्षा ‘गेल्या महिन्यात एखादे मराठी पुस्तक हातात घेतलेत का’ हे बरे. मत विचारण्यापेक्षा घडलेली गोष्ट विचारावी, कारण आपल्याकडे वडीलधाऱ्यांना आणि शिक्षकांना तोंडावर ‘नाही’ म्हणण्याची पद्धत नाही.

मोजपट्टीचेही तसेच. 1932 साली रेन्सिस लिकर्ट यांनी मत मोजण्याची जी रीत मांडली, तिचे आज सर्वत्र दिसणारे रूप म्हणजे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतच्या पाच पायऱ्या. रीत उपयोगी आहे, पण ‘सहमत’ हा शब्द घरात कोण वापरतो? ‘अगदी पटते, बरेचसे पटते, सांगता येत नाही, फारसे पटत नाही, मुळीच पटत नाही’ असे लिहा. पायऱ्या त्याच राहतात आणि माणूस अडखळत नाही. तसेच इंग्रजी फॉर्ममधला ‘आमची शिफारस करण्याची शक्यता किती’ हा प्रश्न तसाच उचलू नका. ‘हे वाचनालय एखाद्या मैत्रिणीला सांगाल का?’ असे म्हटले की तो मराठी होतो.

आता प्रश्नमंजूषा. तिचे दोन प्रकार नवशिक्याला पुरेसे आहेत. पहिला, बरोबर उत्तर असलेल्या प्रश्नांचा. यात प्रश्न पाच ते आठ असावेत, पहिले दोन सोपे, आणि चुकीचे पर्यायही खरे वाटतील असे. मुख्य म्हणजे उत्तर दिल्यावर दोन ओळींची माहिती यावी. एक नमुना देते. ‘गजानन माधव मुक्तिबोध हे हिंदीतले मोठे कवी. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध कोणत्या भाषेत कविता लिहीत?’ पुष्कळ जण ‘हिंदी’वर खूण करतात. उत्तर ‘मराठी’, आणि त्याखाली दोन ओळी : एकाच मराठी घरातले दोन भाऊ दोन भाषांचे कवी झाले, शरच्चंद्रांना 1979 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दुसरा नमुना : ‘कवी भा. रा. तांबे यांचा जन्म कुठे झाला?’ पुणे, मुंगावली, बडोदे, नागपूर. उत्तर मुंगावली, म्हणजे आपल्याच प्रदेशातले. तिसरा : ‘2001 साली इंदुरात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष कोण होत्या?’ विजया राजाध्यक्ष. ज्याचे उत्तर चुकते तो रागावत नाही, तो पुढच्याला पाठवतो. कारण त्याला सांगण्यासारखे काहीतरी मिळालेले असते. असा प्रश्न हेच आपले पत्रक.

दुसरा प्रकार ‘तुम्ही कोणत्या जातकुळीचे वाचक?’ अशा धर्तीचा. याची गंमत अशी की तो शेवटाकडून लिहायचा असतो. आधी तीन निकाल लिहा : समजा, गोष्टीत रमणारा, माणसांची चरित्रे शोधणारा, आणि कवितेपाशी थांबणारा. प्रत्येक निकालाखाली आपल्या कपाटातली दोन-तीन पुस्तके सुचवा. मग प्रश्न लिहा आणि प्रत्येक प्रश्नाचे अ, ब, क हे पर्याय त्या तीन निकालांना बांधा. कुठलाही निकाल कमीपणाचा नसावा. ‘तुम्ही उथळ वाचक आहात’ असे कळायला कोणी आपल्या दारात येत नाही.

साधनाविषयी फार बोलत नाही. सुरुवातीला गूगल फॉर्म्स पुरे. नवा फॉर्म उघडला की एक पर्याय, अनेक पर्याय, छोटे उत्तर, मोजपट्टी असे प्रश्नांचे प्रकार निवडता येतात. सेटिंगमध्ये जाऊन त्याची प्रश्नमंजूषा करता येते. मग प्रत्येक प्रश्नाला बरोबर उत्तर, गुण आणि उत्तरानंतर दिसणारी टीप देता येते. हे साधन गुण मोजते, ‘वाचकाचा प्रकार’ मोजत नाही. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या मंजूषेत शेवटी ‘अ जास्त आले तर हे, ब जास्त आले तर ते’ असे छापील मासिकांसारखे लिहा. फॉर्मचे विभाग पाडून उत्तरानुसार पुढचा विभाग बदलता येतो. जो वाचनालयात कधी आलाच नाही त्याला तिथल्या सेवेविषयी विचारायचे नाही, एवढ्यासाठी ही सोय वापरा. उत्तरे आपोआप तक्त्यात जमा होतात.

पाठवण्याआधी पाच जणांना तुमच्यासमोर, त्यांच्याच मोबाइलवर, मोठ्याने वाचत फॉर्म भरायला सांगा. तुम्ही बोलू नका. जिथे माणूस अडखळेल किंवा “म्हणजे?” असे विचारील, तो प्रश्न बदला. इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांना हिंदीमुळे देवनागरी तरी येते. बडोद्याच्या किंवा हैदराबादच्या एखाद्या मुलाला मराठी बोलता येत असूनही ही लिपी सावकाश वाचावी लागत असेल. तिथे प्रश्न आणखी छोटे हवेत, किंवा कोणीतरी शेजारी बसून ते वाचून दाखवायला हवेत. उत्तरे रोमन लिपीत किंवा अर्धी हिंदीत आली तर ती सुधारू नका, वाचा.

उत्तरे आली की त्यांचा अर्थ लावताना एक सावधगिरी बाळगा. 1936 साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यांवरून लँडन जिंकणार असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्ये जिंकले. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी कमी माणसांना विचारून विजेता बरोबर सांगितला होता. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते मोटारी आणि टेलिफोन असणाऱ्यांच्या याद्यांतून, तेही मंदीच्या काळात. शिवाय ज्यांना उत्साह होता त्यांनीच उत्तरे पाठवली. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फॉर्म टाकला तर आपलीही तीच गत होते. जे आधीच येतात ते सांगतात की सगळे उत्तम आहे. जो येत नाही त्याच्यापर्यंत फॉर्म पोचतच नाही. त्याला शोधायला शाळेच्या फाटकाशी, गणपतीच्या मांडवात, नाटकाच्या मध्यंतरात उभे राहावे लागते. पाचशे फुकटच्या खुणांपेक्षा अशी चाळीस उत्तरे जास्त सांगतात.

आणि शेवटचा, विश्वासाचा मुद्दा. 2018 साली केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण उघड झाले. त्याच्या मुळाशी फेसबुकवरची एक व्यक्तिमत्त्व-चाचणीच होती. ती सुमारे 2.7 लाख लोकांनी सोडवली, पण त्यांच्या मित्रयाद्यांतून 8.7 कोटींपर्यंत लोकांची माहिती गेली असावी, असे फेसबुकनेच सांगितले. भारतात ते अ‍ॅप फक्त 335 जणांनी घेतले होते. तरी माहिती गेली असण्याची शक्यता असलेल्यांचा आकडा साडेपाच लाखांच्या वर होता. म्हणजे गंमत म्हणून सोडवलेल्या प्रश्नांची किंमत शेजाऱ्यांनीही मोजली. 2023 साली संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला. माहिती घेताना ती कशासाठी हवी हे साध्या भाषेत सांगावे, आणि ते इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी, असे त्यात आहे. म्हणजे मराठीतही. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते. शाळांमध्ये मंजूषा घेणाऱ्या शिक्षकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. माझा साधा नियम असा : निकाल दाखवण्याआधी फोन नंबर मागू नका. गरज नसेल तर नावही मागू नका. आणि फॉर्मच्या माथ्यावर लिहा, हे कोण विचारत आहे, कशासाठी, आणि उत्तरांचे पुढे काय होणार.

त्या वाचनालयासाठी आम्ही दुसऱ्यांदा काम केले तेव्हा आधी सहा प्रश्नांची मंजूषा ठेवली, इंदूरच्या मराठी लेखक-कलावंतांवर. तिचा निकाल दाखवून झाल्यावर खाली एक ओळ होती : ‘आता आम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. उत्तर दिले नाहीत तरी चालेल.’ बऱ्याच जणांनी दिली नाहीत. ज्यांनी दिली त्यांतले एक उत्तर मला पाठ आहे. ‘वाचनालय सातला बंद होतं. मी ऑफिसातून सातला सुटते.’ सत्तावीस प्रश्नांत मी वेळ विचारलीच नव्हती. अभिरुची विचारत बसले होते. आता आठवड्यातून दोन दिवस ते वाचनालय साडेआठपर्यंत उघडे असते. नवे सभासद मोजकेच आले, गर्दी वगैरे काही झाली नाही. पण ती मुलगी येते. तिच्याविषयी ‘नव्या पिढीला वाचनाची आवड नाही’ असे आम्ही किती वर्षे म्हणत होतो!

आपल्या भाषेतले पहिले मोठे गद्यही विचारण्यातूनच उभे राहिले, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या सहवासात राहिलेल्या माणसांकडे जाऊन, त्यांना विचारून, त्यांच्या आठवणी गोळा केल्या. त्यातून ‘लीळाचरित्र’ झाले. विचारणाऱ्याने ऐकण्याची तयारी ठेवली म्हणून ते झाले.

विद्यार्थ्यांना घरी नेण्यासाठी एक काम देते. तुमच्या घरातल्या किंवा गल्लीतल्या अशा एका माणसासाठी, जो आपल्या कोणत्याही मराठी कार्यक्रमाला येत नाही, पाच प्रश्न लिहा. त्याच्या बोलीत लिहा. ते त्याच्यासमोर बसून विचारा आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा. दुपारच्या सत्रानंतर मी इथेच आहे. ते ज्येष्ठ कवीही असतील. प्रश्नाबद्दल मी त्यांची आभारी आहे, आणि तुम्हा सर्वांचीही.